गाठ पूर्ण काढली, म्हणजे किती?

मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "गाठ पूर्ण निघाली ना?" ती गाठ मेनिंजिओमा असेल, तर सर्जन ऑपरेशन नोटमध्ये या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात लिहितो: सिम्पसन ग्रेड एक ते पाचपैकी एक. जगभरचे न्यूरोसर्जन गेली सत्तरएक वर्षं हाच आकडा लिहीत आले आहेत.

मेनिंजिओमा हे नाव न्यूरोसर्जन हार्वे कुशिंग यांनी १९२२ साली दिलं. ही गाठ मेंदूत उगवत नाही, मेंदूभोवतीच्या आवरणांतून उगवते. बहुतेक वेळा ती कर्करोगाची नसते आणि सावकाश वाढते. त्यामुळे ती मेंदूपासून अलगद सोडवता येते, आणि रोगी बरा होऊन घरी जातो. पण तिचं बूड ड्युरा या जाड, चिवट आवरणात रुतलेलं असतं. कधी ती वरच्या कवटीच्या हाडातही शिरते. हरळी वरून खुडावी आणि मुळं जमिनीत राहावीत, तसं होतं. काही वर्षांनी गाठ पुन्हा दिसते.

बोस्टनमध्ये १९२६ साली कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांचं विजेवर चालणारं कॉटरी यंत्र शस्त्रक्रियेत वापरायला सुरुवात केली. रक्तस्राव थांबवण्यासाठी आणलेल्या या यंत्राने गाठीचं बूडही जाळता येऊ लागलं. त्याच काळात ह्यू केर्न्स हे ऑस्ट्रेलियन सर्जन कुशिंग यांच्या हाताखाली शिकत होते. पुढे त्यांनी ऑक्सफर्डला न्यूरोसर्जरीचा विभाग उभा केला.

याच परंपरेतले डोनाल्ड सिम्पसन, हेही ऑस्ट्रेलियन. १९२८ ते १९५४ या काळात शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या नोंदी त्यांनी काढल्या आणि २६५ जणांचं पुढे काय झालं याचा हिशेब मांडला. तेव्हा ना सीटी स्कॅन होता, ना एमआरआय, ना मेंदूच्या ऑपरेशनसाठी मायक्रोस्कोप. हाताशी होती ती सर्जनने स्वतः लिहिलेली टिपणं आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा.

१९५७ च्या निबंधात त्यांनी शस्त्रक्रियेचे पाच ग्रेड पाडले. गाठ, तिच्या बुडाचा ड्युरा आणि बिघडलेलं हाड असं सगळं काढलं, तर ग्रेड एक. गाठ पूर्ण काढली, पण ड्युरा कापून न टाकता जाळला, तर दोन. गाठ काढून ड्युरा तसाच ठेवला, तर तीन. गाठीचाच काही भाग राहिला, तर चार. नुसता दाब कमी केला किंवा तपासणीपुरता तुकडा घेतला, तर पाच. पहिल्या तीन ग्रेडमध्ये गाठ पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण अनुक्रमे ९, १९ आणि २९ टक्के निघालं. म्हणजे डोळ्यांना दिसणारी गाठ तिन्हींमध्ये गेलेलीच होती, फरक पडला तो बुडामुळे. ‘पूर्ण काढली’ या एकाच शब्दप्रयोगाखाली तीन वेगळ्या शस्त्रक्रिया आणि रोग्यांची तीन वेगळी भवितव्यं दडली होती, हे सिम्पसन यांनी उघड केलं. या वर्गवारीचं मोल मला त्यातच वाटतं. काय मागे ठेवलं, ते सर्जनला लिहावंच लागतं.

१९९३ मध्ये या वर्गवारीला ‘ग्रेड शून्य’ जोडला गेला: बुडाभोवतीचा आणखी दोन सेंटिमीटर ड्युराही काढायचा. आक्षेपही आले. ग्रेड सर्जन आपल्या नजरेने ठरवतो आणि नंतरच्या एमआरआयमध्ये कधी वेगळंच दिसतं. पहिल्या दोन-तीन ग्रेडमधला फरक आता फारसा उरलेला नाही, असंही काही अभ्यास सांगतात. गाठीच्या पेशींचा स्वभाव तर या आकड्यांत येतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात त्यासाठी जनुकीय खुणांनाही स्थान मिळालं.

शस्त्रक्रियेचं धोरणही बदललं. कवटीच्या तळाशी, डोळ्याच्या नसांना किंवा मोठ्या रक्तवाहिनीला बिलगलेली गाठ असेल, तर पहिल्या ग्रेडच्या हट्टापायी दृष्टी जाऊ शकते, अर्धांगवायूही होऊ शकतो. अशा वेळी सर्जन नसांवरचा गाठीचा पापुद्रा जाणूनबुजून ठेवतो आणि नोटमध्ये ग्रेड चार लिहितो. उरलेल्या भागावर नेमक्या किरणांचा उपचार करायचा की एमआरआय करत नुसती नजर ठेवायची, हे मग रोग्याशी बोलून ठरतं.