माळवदावरची माती : बीड जिल्ह्यातील जुन्या घरांची राखण

बीड जिल्ह्यातील गावठाणांत जुने घर म्हणजे बहुधा माळवदाचे घर. मातीत रचलेल्या काळ्या दगडाच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, आत लाकडी खांब आणि वर मातीचे सपाट छत. कोकणात असे छत एका पावसाळ्यात वाहून गेले असते. बीडमध्ये पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही खंड पाडत येणारा. उन्हाळा मात्र चाळीस अंशांच्या पुढचा. त्यामुळे घर बांधताना पावसापेक्षा उन्हाचा विचार आधी होई. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात दगड हाताशी होता. गेवराई-माजलगावच्या गोदाकाठी काळी माती खोल, दगड दुरून आणायचा. तिथे भिंतीचा खालचा भाग तेवढा दगडी आणि वर कच्च्या विटा असा मार्ग अनेकांनी काढला.

घर मोजायचे ते खणांवर. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. पाच खणांचे घर म्हटले की ऐकणाऱ्याला त्या कुटुंबाची ऐपतही कळे. खांब दगडी तळखड्यावर उभा करीत, म्हणजे ओल आणि वाळवी सरळ लाकडात चढत नसे. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यावर सधन घरात सागवानी पाट्या, तर गरिबाघरी बाभळी-लिंबाच्या फांद्या किंवा तुराट्या. त्यावर पाला, पाल्यावर चिखल आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. छताला किंचित ढाळ देऊन पाणी पन्हाळीतून बाहेर सोडत. भिंतींना खिडक्या कमीच. उजेड यायचा आणि चुलीचा धूर जायचा तो छतातल्या सान्यातून. पावसात त्यावर फरशीचा तुकडा किंवा फुटके घमेले ठेवले की काम भागे.

या सगळ्यात कळीची वस्तू पांढरी माती. काळी माती उन्हाने भेगाळते. तिचे छत पहिल्याच सरीला गळू लागते. जुन्या वस्तीच्या जागेवरची किंवा पडक्या गढीची पांढरी माती बारीक असते, भिजली की दाट बसते आणि पाणी आत सोडत नाही. म्हणून मराठवाड्यातल्या कितीतरी गढ्या शत्रूने नव्हे, तर माळवदासाठी माती उकरणाऱ्या गावकऱ्यांनीच जमीनदोस्त केल्या. इतिहासाच्या दृष्टीने हे नुकसान खरे. पण ज्याच्या डोक्यावर पाणी टपकत होते त्याला ही माती फुकट आणि जवळची होती. मृगाच्या आधी माळवदावर चढून गवत उपटायचे, उंदरांची बिळे बुजवायची, बैलगाडीने आणलेली माती पसरून धुमसाने चोपायची, हा दरवर्षीचा शिरस्ता. एवढे करूनही भर पावसात एखादा कोपरा गळायचा. मग घरातला कोणीतरी डोक्यावर घोंगड्याची खोळ घेऊन शिडीने वर जाई, गळती नेमकी कुठे आहे हे खालून ओरडून सांगितले जाई आणि तो ती जागा पायाने तुडवून दाबून टाकी.

पैशांचा खर्च यात जवळजवळ नव्हता. लाकूडकाम सुताराकडे, खिळे-कड्या लोहाराकडे, मडकी कुंभाराकडे. त्यांचे बलुते सुगीत धान्याने चुकते होई. मातीकाम घरची माणसे आणि भावकी मिळून उरकत. मोठे खर्च दोनच: सागवान आणि चुना. बीड, अंबाजोगाई, धारूर अशा जुन्या पेठांतल्या वाड्यांना चुन्याची दरजबंदी, कोरीव खांब आणि ऐसपैस ढेलज दिसते. खेड्यातल्या साध्या घराला ते परवडत नव्हते.

भिंतींची आणि जमिनीची निगा बायकांकडे होती आणि घराची सजावट म्हणजे बहुतांशी तीच. घटस्थापनेपूर्वी ‘दसरा काढायचा’. घरातले झाडून सगळे बाहेर येई, वाकळा-गोधड्या नदीवर किंवा विहिरीवर धुतल्या जात, उतरंडी उतरवून मडकी घासली जात. मग पांढऱ्या मातीच्या पाण्यात फडके बुडवून भिंती पोतारायच्या, खाली हातभर उंचीचा गेरूचा पट्टा ओढायचा, भुई शेणाने सारवायची. ओले शेण अर्धवर्तुळात फिरवताना हाताच्या बोटांचे जे ठसे उमटत, तेच नक्षीचे काम करीत. चुना वापरणारे घर त्यात थोडी नीळ घाली, म्हणजे पांढरा रंग पिवळट दिसत नसे. कोनाडे, दिवळ्या, खुंट्या भिंतीतच असल्याने वेगळ्या लाकडी सामानाची गरज फारशी पडत नसे. कपडे दांडीवर, धान्य बळदात, आणि घासूनपुसून मांडलेली तांब्या-पितळेची भांडी हीच घराची शोभा. भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या तेव्हा याच भांड्यांची, नव्या लुगड्यांची आणि फराळाच्या ताटांची आरास होई.

जुन्या घरात नव्याने राहायला जाण्याचा प्रसंग बहुधा वाटणीतून येई. भावाभावांत घर खणांनी वाटले जाई आणि चौकात मध्येच एक भिंत उभी राही. ज्याच्या वाट्याला ओसरी आली त्याला चूल मांडायला जागा शोधावी लागे, ज्याच्या वाट्याला माजघर आले त्याला नवे दार फोडावे लागे. या तडजोडींमुळे आज एकाच वाड्यात तीन-चार धाटणीची दारे दिसतात. बंद पडलेल्या घरात जायचे तर आधी खांब ठोकून पाहत. पोकळ आवाज आला की वाळवी. मग माळवदाची डागडुजी, पोतारा, सारवण, आणि घरभरणीच्या दिवशी पाण्याची घागर व देव आत नेऊन दूध उतू घालायचे. नव्या घराला वास्तुशांत, तर वडिलोपार्जित घराला एखादा सत्यनारायण पुरेसा मानला जाई.

विसाव्या शतकात बाजाराची वस्तू हळूहळू आत आली. शहाबाद हे गाव बीडप्रमाणेच निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिथली करडी फरशी ज्यांना परवडली त्यांनी ओसरीवर बसवली आणि तेवढी जागा सारवणातून सुटली. भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी आल्या. चित्रकार रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढल्यापासून लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे सामान्य घरांना मिळू लागली होती. तुळईच्या खाली, पुढे झुकवून टांगलेल्या तसबिरींची रांग अजूनही जुन्या बैठकांत आढळते. ज्याला तेवढेही जमत नसे तो जुन्या दिनदर्शिकेवरचे चित्र कापून चौकटीत घाली. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात विलीन झाले. घरांच्या बांधणीत त्याने लगेच काही फरक पडला नाही. फरक पडला तो १९७२ च्या दुष्काळानंतर. ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढली. दिवाळीच्या सुमारास गेलेले लोक उन्हाळ्यात परतत. सहा महिने घर म्हाताऱ्यांच्या भरवशावर किंवा कुलपात. सारवण न झालेली भुई उखणते, सान्यातून पाखरे आत येतात, वाळवीला मोकळे रान मिळते. माळवदाचे घर पैसा मागत नाही, पण माणूस घरात असावे लागते, आणि नेमके तेच आता मिळेनासे झाले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. दरवर्षी टाकलेल्या मातीने माळवदे कुठे कुठे दोन फुटांपर्यंत जाड झाली होती. भिंतींना बाहेरचा आणि आतला असे दगडांचे दोन पदर असत, मध्ये मातीची भर. दोन्ही पदरांना सांधणारे आरपार दगड क्वचितच घातलेले. हादऱ्यासरशी पदर सुटले आणि वरचा भार खाली आला. पिढ्यान्‌पिढ्या निगुतीने केलेली राखणच अशी जिवावर बेतली. जिथे छत भिंतींवर नव्हे तर खांब-तुळयांच्या सांगाड्यावर टेकले होते, तिथल्या काही घरांत भिंती ढासळूनही छत उभे राहिले.

शेजारच्या अंबाजोगाई-केज भागातही माळवदाखाली झोपायची भीती बसली ती तेव्हापासून. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात जुनी घरे मजबूत करण्याच्या सोप्या युक्त्याही सुचवण्यात आल्या होत्या: माळवदावरची जादा माती काढून पातळ थर ठेवायचा व खाली प्लास्टिकचा कागद अंथरायचा, खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे आधार ठोकायचे, भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरायचे. कमी पैशांत जुने घर राहते ठेवण्याचा याहून शहाणा मार्ग दुसरा नव्हता. पण लोकांचा कल पाडून नवे बांधण्याकडेच गेला. १९८५ पासून इंदिरा आवास आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेचे अनुदान मिळू लागले, तेही पक्क्या घरासाठी. परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेपासून विटा होऊ लागल्या. उतरवलेल्या वाड्यांचे सागवान शहरांतल्या जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यांकडे गेले. कोरीव दारे हॉटेलांच्या दर्शनी भागात लागली.

ज्यांना स्लॅब परवडत नाही आणि घर सोडवत नाही, ते आता माळवदाच्या वर लोखंडी सांगाडा करून पत्रा टाकतात. दरवर्षी माती चढवण्याचे काम त्याने संपते, पन्हाळीची जागा प्लास्टिकचा पाइप घेतो आणि खालचे मातीचे छत उष्णता अडवण्याचे आपले काम करत राहते. मात्र पत्र्याआधी जुनी माती उतरवली नाही, तर गळती थांबली तरी खांबांवरचा भार होता तेवढाच राहतो.