परकोट, वेस आणि रस्ता

शहराचा इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे आपण बहुधा राजवाडे, देवळे आणि लढाया यांच्याकडे वळतो. परंतु शहराच्या आयुष्यात आणखी एक प्रसंग येतो. त्याची नोंद बखरकार क्वचितच घेतात, आणि तरीही पुढील कित्येक पिढ्यांचे सुखदुःख त्यावर अवलंबून राहते. तो प्रसंग म्हणजे एखाद्या मोठ्या जुन्या वास्तूचे प्रयोजन संपण्याचा. शत्रूचे भय नाहीसे झाले की तट निकामी होतो; कापडगिरणीचा भोंगा थांबला की तिचे विस्तीर्ण आवार ओस पडते; रुळांवरून गाडी धावेनाशी झाली की गावातून गेलेला तो लांब पट्टा गवताने भरून जातो. शहराच्या ऐन मध्यात जमीन अशी अकस्मात मोकळी होते. तीतून रस्ता कोठून न्यावयाचा आणि उरलेली जमीन कोणाच्या पदरात टाकावयाची, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो. आमच्या वऱ्हाडात हा प्रश्न एकदा येऊन गेला आहे आणि आता पुन्हा दाराशी आला आहे. म्हणून त्याचा थोडा मागोवा घ्यावा, असा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम अमरावतीचा परकोट पाहू. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून येथील धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजाम सरकारने १८०७ साली हा तट बांधावयास घेतला. त्याचा घेर सव्वादोन मैल आणि उंची वीस ते सव्वीस फूट. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या ठेविल्या होत्या. अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे अमरावतीकर आजही पत्ता सांगताना घेतात. खिडक्यांपैकी एकीचे नाव खुनारी. तिच्याजवळ झालेल्या झटापटीत सुमारे सातशे माणसे मारली गेली, अशी गॅझेटियरची नोंद आहे. तेव्हा हा तट केवळ शोभेसाठी नव्हता. त्याच्या आत पेढ्या होत्या, कापसाच्या वखारी होत्या, आणि रात्री दरवाजे लागल्यावर निर्धास्त झोपणारी कुटुंबे होती.

पण पेंढाऱ्यांचा बंदोबस्त १८१८ पर्यंत झाला. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, आणि तटाचे मूळ काम संपले. कापूस मात्र वाढतच राहिला. १८४२ साली एका व्यापाऱ्याने एक लक्ष बैलांवर कापूस लादून थेट कलकत्त्याकडे रवाना केला होता, असे गॅझेटियरकार लिहितात. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि साऱ्यांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे लागली. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे अकोला आणि बडनेरा यांवरून नागपुरापर्यंत पोहोचली. १८७१ साली बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत फाटा आला. त्याबरोबर शहराचे तोंड फिरले. व्यापार वेशीच्या आत होता तो स्थानकाच्या बाजूस सरकला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, सरकारी कचेऱ्या आणि कँपातील बंगले तटाबाहेर उभे राहिले. परकोटाच्या आतील गल्ल्या मात्र पायी चालणाऱ्यांच्या आणि ओझ्याच्या बैलांच्या मापाच्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

वऱ्हाडच्या याच कापसाने मुंबईतही एक तट पाडला, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १८६२ साली सर बार्टल फ्रियर मुंबईचे गव्हर्नर झाले. कापसाच्या तेजीने शहर पैशाने ओसंडत होते, आणि कोटाच्या आत श्वास घ्यावयास जागा नव्हती. फ्रियर यांनी कोटाचे बुरूज आणि अपोलो गेट, चर्चगेट व बझारगेट हे तिन्ही दरवाजे पाडविले. परंतु केवळ पाडून ते थांबले नाहीत. मोकळ्या झालेल्या जमिनीतून आधी रुंद रस्ते आखले गेले, सार्वजनिक इमारतींच्या जागा राखून ठेविल्या गेल्या आणि मग उरलेले भूखंड विकून आलेला पैसा पुन्हा सार्वजनिक कामी लावण्यात आला. पुढे १८९६ साली हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, इमारत बांधणाऱ्या प्रत्येकाने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा ओटा सोडलाच पाहिजे, असा नियम झाला. त्या कमानींखालून पावसाळ्यात छत्री मिटून चालणाऱ्या माणसाला ठाऊक नसते, की आपल्या डोक्यावरील हे छप्पर खाजगी मालकाचे असले तरी त्याखालची वाट सार्वजनिक हिताच्या एका अटीने मिळाली आहे.

हीच गोष्ट त्याच सुमारास युरोपातही घडत होती. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याने २० डिसेंबर १८५७ रोजी व्हिएन्नाचे तट पाडण्याचा हुकूम काढला. दुसऱ्या वर्षी आराखड्यांची स्पर्धा झाली. तटाच्या व मैदानाच्या जागी आखलेला वर्तुळाकार राजमार्ग १ मे १८६५ रोजी खुला करण्यात आला. तेथेही आधी रस्त्याची रेषा ठरली, मग भूखंड विकले गेले, आणि त्या विक्रीच्या निधीतून नाट्यगृहे व संग्रहालये उभी राहिली. गरिबांसाठी घरे मात्र त्या रस्त्यावर झाली नाहीत. हा दोष पुढेही पुनःपुन्हा आढळतो, म्हणून तो ध्यानात ठेवावयास हवा.

आता अकोल्याकडे येऊ. मोर्णेच्या पश्चिम तीरावर जुने शहर, पूर्व तीरावर ताजनापेठ, कचेऱ्या आणि रेल्वे स्थानक अशी या गावाची रचना. दहीहंडा वेशीवरील शिलालेखात औरंगजेबाच्या कारकिर्दीचा, नवाब असदखानाचा उल्लेख असून त्याचा काळ १६९७ असा लावला जातो. किल्ल्याचे असदगड हे नाव त्यावरूनच. आगरवेशीवरील मराठी लेख १८४३ साली गोविंद आप्पाजी यांनी बांधकाम केल्याचे सांगतो. तो बहुधा दुरुस्तीचा उल्लेख असावा. १८७० च्या सुमारास इंग्रजांनी हा किल्ला मोडून टाकला. म्हणजे मुंबईचा कोट पडला त्याच दशकाच्या शेवटी अकोल्याचाही पडला. परंतु तटाच्या जागी राजमार्ग काही झाला नाही. किल्ल्याच्या मधल्या भागात शाळा भरत असे, एवढे १९१० चे गॅझेटियर सांगते. वेशींची नावे राहिली, बुरुजांचे अवशेष राहिले. पण मोकळ्या झालेल्या पट्ट्याचा शहराला जो एकत्रित उपयोग व्हावयाचा तो झाला नाही. मुंबईत गव्हर्नर होता, तेजी होती, भूखंड घेणारे सावकार होते. अकोल्यात तट पाडणारे होते, आखणारे नव्हते. पाडणे हे एका हुकुमाचे काम आहे. आखण्यास मात्र कोणीतरी त्या शहराचे पन्नास वर्षांनंतरचे रूप मनात धरावे लागते.

येथे कोणी म्हणेल, की मग आधी रस्ता आखला म्हणजे सारे साधले. तसे नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि दाट वस्तीतून हवा व उजेड खेळावा म्हणून १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रस्ते जुन्या वस्त्या भेदून काढले. त्याची युक्ती अशी, की रस्त्याला लागते त्याहून रुंद पट्टी संपादन करावयाची, मधून रस्ता काढावयाचा आणि दुतर्फा राहिलेले भूखंड वाढलेल्या भावाने भाडेपट्ट्याने देऊन खर्च भरून काढावयाचा. हिशेब चोख होता. परंतु पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या कमी पडल्या. ज्यांच्या आरोग्यासाठी रस्ता काढला तेच लोक शेजारच्या अधिक दाट चाळींत जाऊन कोंबले गेले. रोग एका गल्लीतून उठून दुसऱ्या गल्लीत गेला, अशी टीका त्या काळीच झाली. १९३३ साली ट्रस्टचा कारभार नगरपालिकेत विलीन झाला. हा धडा मात्र राहिला, की रस्त्याची रेषा नकाशावर ओढताना ती कोणाच्या चुलीवरून जाते याचाही हिशेब त्याच कागदावर मांडला पाहिजे.

याच्या अगदी उलट प्रकार आपल्या पिढीने पाहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि गिरणगावात शेकडो एकर जमीन मोकळी झाली. १९९१ च्या नियमाने या जमिनीचे तीन वाटे ठरविले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला, आणि ही वाटणी केवळ इमारती नसलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. मग प्रत्येक आवार आपापल्या सोयीने उंच झाले. साऱ्या आवारांना जोडणारा रस्ता आधी कोणी आखला नाही. पूर्वी कामगार गिरणीजवळच्या चाळीत राहत व भोंगा झाला की पायी कामावर जात. आता त्याच जागी कचेऱ्या आल्या आणि तेथील नोकरवर्ग दूरच्या उपनगरांतून लोकलने येऊ लागला. स्थानके, जिने आणि पूल मात्र जुन्या मापाचे राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचे प्राण गेले. त्या दिवशीचा पाऊस आणि अरुंद जिना ही जवळची कारणे खरीच. पण जमीन आधी वाटली आणि वाट मागून शोधली, हे त्यांच्या पाठीमागचे कारण होय.

या तीन उदाहरणांचे सार थोडक्यात सांगता येईल. कोटाच्या जमिनीवर रेषा आधी आखली, म्हणून शहराला रस्ते लाभले. ट्रस्टने रेषा आधी आखली, पण माणसे विसरली, म्हणून रस्ते लाभूनही दुःख हटले नाही. गिरणगावात रेषाच मागे पडली. हा क्रम साधावयाचे कायदेशीर साधन आपल्याकडे नाही असे नव्हे. १९१५ च्या मुंबई प्रांताच्या कायद्यापासून नगररचना योजना हा प्रकार येथे परिचित आहे. त्यात साऱ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करतात. त्यांतून रस्ता, बाग, शाळा यांची जागा काढतात. आणि उरलेली जमीन सरळ आकाराचे भूखंड पाडून ज्याची त्याला परत देतात. भूखंड लहान होतो, पण रस्त्यामुळे त्याचे मोल वाढते, व त्या वाढीचा काही अंश सुधार आकार म्हणून घेता येतो. १९६६ च्या महाराष्ट्राच्या नगररचना कायद्यातही ही तरतूद कायम आहे.

वऱ्हाडात आज अशा जमिनी थोड्या नाहीत. अकोल्याच्या सावतराम आणि मोहता या गिरण्या १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या आणि पुढे बंद पडल्या. स्थानकांच्या आसपास कित्येक जिनांची आवारे केवळ धुरांड्यांवरून ओळखावयाची उरली आहेत. मूर्तिजापुराहून १९०३ साली यवतमाळकडे आणि १९१३ साली अचलपूरकडे निघालेली, लोकांनी प्रेमाने शकुंतला म्हटलेली अरुंद रुळांची गाडी थांबली आहे. तिचा मार्ग रुंद व्हावा अशी त्या भागातील लोकांची मागणी आहे, आणि ती रास्त आहे. असा सलग पट्टा जोडून घेण्यास शतकापूर्वी किती शेते, किती उंबरे ओलांडावे लागले असतील! तो एकदा तुकड्यातुकड्यांनी गेला, तर कोणत्याही किमतीस पुन्हा जुळावयाचा नाही.

अमरावतीची महानगरपालिका १९८३ ची आणि अकोल्याची २००१ ची. म्हणजे १८७० साली नव्हते असे आखणारे हात आज या दोन्ही शहरांना आहेत. परकोटाच्या आधाराने घर करून राहिलेला कारागीर, गिरणीच्या चाळीत म्हातारा झालेला कामगार आणि रुळांच्या कडेला भाजी विकणारी बाई यांची नावे त्या आराखड्यात पहिल्याच पानावर असली, तर रस्ता रुंद झाल्याचे सुख त्यांनाही लाभेल. तट बांधताना निजामाच्या अधिकाऱ्यांनी पाच मोठ्या दरवाजांखेरीज चार लहान खिडक्याही ठेविल्या होत्या. हत्ती-बंड्यांसाठी दरवाजे, आणि डोक्यावर घागर घेऊन येणाऱ्या माणसासाठी खिडकी. नव्या रस्त्यांची आखणी करणारांनी निदान एवढे शहाणपण त्या जुन्या दगडांकडून उचलावयास हरकत नाही.