दोन वेटोळ्यांची मध्यस्थी

दूरध्वनीच्या इतिहासात २५ जानेवारी १९१५ हा दिवस ठळकपणे नोंदवला जातो. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा आवाज सुमारे ५,४७० किलोमीटर तारेवरून सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे जुने सहकारी थॉमस वॉटसन यांनी ऐकला. १८७६ सालचे 'इकडे या' हे बोलावणे बेल यांनी पुन्हा उच्चारले. आता यायला आठवडा लागेल, असे वॉटसन म्हणाले. किस्सा इतका गोड आहे की इतिहासलेखक तिथेच रमतात. श्रेय मग निर्वात नलिकेला, म्हणजे आपल्याकडे जिला 'व्हॉल्व्ह' म्हणत तिला, देऊन टाकले जाते. ते गैर नाही. अपुरे आहे, असे आम्हांला वाटते.

नलिकेवाचून १९११ साली बोलणे डेन्व्हरपर्यंत पोचून थकले होते, हे खरे. ली डी फॉरेस्ट यांचा ऑडिऑन १९१२ च्या ऑक्टोबरात बेल कंपनीच्या अभियंत्यांपुढे आला. आवाज चढवला की त्यात निळसर धूसर प्रकाश पसरे आणि बोलणे विस्कटे. आतला उरलासुरला वायू काढला पाहिजे, हे हॅरॉल्ड आर्नल्ड यांनी ओळखले.

पण तारेचा आणि नलिकेचा स्वभाव जुळत नव्हता. तारेचा रोध काही शे ओहम आणि तिच्यावरचा दाब अगदी अल्प. नलिकेच्या जाळीला प्रवाह जवळजवळ नकोच. तिला हवा असतो दाब. तार थेट जाळीला जोडली तर आलेली तुटपुंजी शक्ती बव्हंशी निरुपयोगी ठरे. म्हणून मध्ये आले चढते रोहित्र: लोखंडी गाभा आणि त्यावर तांब्याची दोन वेटोळी. दुसऱ्या वेटोळ्यात दहापट वेढे दिले की दाब दहापट होतो, प्रवाह दशांशावर येतो आणि ६०० ओहमची तार जाळीला ६०,००० ओहमची भासते. शक्ती मात्र तसूभरही वाढत नाही. उलट थोडी गाभ्यात नि तांब्यात खर्ची पडते. स्वतःची भर न घालणाऱ्याला इतिहासात जागा मिळणे अवघडच. (भाषांतरकारांना हे निराळे सांगायला नको.)

युक्ती तशी जुनी. फॅरडे यांनी १८३१ मध्ये प्रवर्तन दाखवले होते, आणि एडिसन यांनी १८७० च्या दशकाअखेरीस कार्बनच्या प्रेषकाला असेच वेटोळे जोडून बोलणे तारेवर चढवले होते. मग वेढे वाढवतच का नेले नाहीत? कारण दाट वेढ्यांत उच्च स्वर हरवतात, आणि पहिल्या वेटोळ्यात वेढे कमी पडले तर खर्ज जातो. गाभ्याची आणि गुंडाळणीची सारी कारागिरी या कात्रीत.

आज कुणी हौशी मोबाइल व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाला जोडतो तेव्हा हिशेब तोच असतो. एकास चार वेढ्यांचे रोहित्र घेतले तर जाळीकडचा १,००,००० ओहमचा रोध मोबाइलला ६,२५० ओहमचा दिसतो. ते ओझे त्याला जाणवतही नाही, दाब मात्र चौपट मिळतो. शिवाय चार्जर लावल्यावर ऐकू येणारी गुणगुणही बहुधा थांबते, कारण दोन वेटोळी तारेने एकमेकांना कुठेच जोडलेली नसतात.