निसर्गचित्राला क्षितिज लागतेच का?

ठाणे-कल्याण-डोंबिवलीत सोसायटीच्या भिंतीपासून शाळेच्या फाटकापर्यंत वारली आकृत्या दिसतात. त्यामुळे एक समज पक्का झाला आहे: वारली चित्र ही सुबक नक्षी, निसर्गचित्र म्हणावे ते हळदणकर-धोंडांच्या जलरंगांना. जाणकारांचा पूर्वपक्ष जरा पुढचा. वारली चित्रात यथादर्शन नाही, छायाप्रकाश नाही, क्षितिज नाही. शिवाय ती सामूहिक परंपरा, तिच्यात एकट्या चित्रकाराची नजर कुठून येणार?

हा शेवटचा आक्षेप आधी घेऊ, कारण तो इतिहासापुढे टिकत नाही. परंपरेत वारली चित्र म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचा चौक; तो सवाशिणी काढत, पालघाट देवीसाठी. 1970च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी वारल्यांच्या हाती कागद दिला आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (1934–2018) लग्नकार्य नसतानाही, पुरुष असूनही, रोज चित्रे काढू लागले. विषय त्यांनी निवडले: पेरणी, लावणी, मासेमारी. 1976चा राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011ची पद्मश्री एका माणसाला मिळाली, परंपरेला नव्हे.

आता क्षितिज. ते बांधावर स्वस्थ उभ्या राहिलेल्या पाहुण्याला दिसते. चिखलात वाकून आवण लावणाऱ्याला शेत तसे दिसत नाही. त्याला रोप खालून, बांध बाजूने आणि वाट वरून ठाऊक असते. चिनी गुंडाळीचित्रांतही नजर एका जागी खिळलेली नसते, आणि त्यांना निसर्गचित्र म्हणताना कुणी अडखळत नाही. म्हसे यांचे मासेमारीचे जाळे पाहा. बारीक पांढऱ्या रेघांची जाळी चित्रभर फुगते, माणसे मुंगीएवढी. पाण्याला वेगळा रंग नाही. जाळ्याच्या वळणावरून ते कळते. छायाप्रकाश मात्र खरोखरच नाही. तांदळाच्या पिठाचा एकच पांढरा रंग हाती असताना तो यायचा कसा?

तरीही ही चित्रे नुसती नक्षी वाटतात, हा दोष आपल्या नकलांचा आहे. भिंतींवर आपण तारपा नाचाचा फेर तेवढा उतरवतो, कारण तो सजावटीला सोपा. कष्टाची, अबोल चित्रे मागे राहतात. 2003 साली जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फच्या संग्रहालयात म्हसे यांची चित्रे रिचर्ड लाँग यांच्या कामाशेजारी लागली. भूमीवर चालणे आणि दगड मांडणे हेच लाँग यांचे माध्यम. तिथल्या लोकांना जमिनीचे नाते दिसले, आपल्याला नक्षी.

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर वेगळा होईपर्यंत गंजाड ठाणे जिल्ह्यातच होते. या जिल्ह्याच्या निसर्गचित्रकारांची यादी करायची झाली, तर पहिले नाव म्हसे यांचे लिहावे लागेल.