रिपोर्टवर ‘फिलाडेल्फिया’ का लिहितात?

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगाचा रिपोर्ट हाती आला की त्यावर बहुधा ‘फिलाडेल्फिया क्रोमोसोम पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले असते. अमेरिकेतल्या शहराचे नाव आपल्या रक्ताच्या रिपोर्टवर कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर समजून घेतले, तर रोजची गोळी का चुकवायची नाही हेही आपोआप कळते.

१९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींमध्ये एक गुणसूत्र नेहमीपेक्षा लहान दिसले. त्यावरूनच हे नाव पडले. पण हे गुणसूत्र लहान का, हे कळायला १३ वर्षे गेली. १९७३ मध्ये शिकागोच्या डॉ. जेनेट राउली यांनी दाखवून दिले की ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटतात आणि त्यांची अदलाबदल होते.

पुढे १९८० च्या दशकात या अदलाबदलीचा परिणाम स्पष्ट झाला. दोन वेगळी जनुके जोडली जाऊन ‘बीसीआर-एबीएल’ हे नवेच जनुक तयार होते, आणि ते एक सदोष प्रथिन बनवते.

हे प्रथिन नेमके काय करते? निरोगी पेशी मनाला येईल तेव्हा वाढत नाही. ‘आता वाढ’ असा निरोप बाहेरून आला, की तो एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात पेशीच्या केंद्रापर्यंत पोहोचतो. काम झाले की निरोप थांबतो. दाराची बेल दाबली की वाजते, बोट काढले की थांबते, तसेच. बीसीआर-एबीएल म्हणजे अडकून बसलेले बटण. दारात कोणी नसतानाही बेल वाजतच राहते आणि पांढऱ्या पेशी वाढतच जातात.

तेव्हाची औषधे वाढलेल्या पेशी कमी करत, पण बटणाला हात लावत नव्हती. बोन मॅरो ट्रान्सप्लांटने आजार बरा होऊ शकत असे, मात्र त्यात धोका मोठा होता आणि जुळणारा दाता सर्वांना मिळत नसे.

सिबा-गायगी या स्विस कंपनीत निकोलस लायडन आणि सहकाऱ्यांनी बटणाच्या खाचेत बसून ते बंद करणारे रसायन तयार केले. अमेरिकेतील ओरेगनचे डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी त्याचा पाठपुरावा केला. १९९८ मध्ये रुग्णांवर चाचणी सुरू झाली. इंटरफेरॉन हे औषध लागू न पडलेल्या ज्या ५४ जणांना रोज ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक डोस मिळाला, त्यांपैकी ५३ जणांच्या रक्तपेशींचे प्रमाण पूर्ववत झाले. मे २००१ मध्ये अमेरिकेत इमॅटिनिबला मान्यता मिळाली. लहान गुणसूत्र दिसल्यापासून गोळी येईपर्यंत ४१ वर्षे लागली.

गोळी आली, पण ती परवडायला हवी होती. मूळ कंपनीच्या औषधाचा खर्च महिन्याला लाखाच्या वर जात होता; भारतीय कंपन्यांचे तेच औषध त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी किमतीत मिळत होते. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसची पेटंटची मागणी फेटाळली आणि आपल्याकडच्या स्वस्त गोळीचा मार्ग मोकळा राहिला.

आता मुद्द्याची गोष्ट. ही गोळी बटण दाबून धरते, उखडून टाकत नाही. दोन-तीन महिन्यांत रिपोर्ट नॉर्मल आला, तब्येत सुधारली, म्हणून काही जण गोळी स्वतःहून बंद करतात किंवा एक दिवसाआड घेतात. असे केल्यास बेल पुन्हा वाजू लागते. कधी कधी त्या खाचेचा आकारच बदलतो आणि गोळी तिथे बसत नाही. अशांसाठी डासाटिनिब, निलोटिनिब यांसारखी पुढची औषधे आली, पण ती वेळ ओढवून का घ्यायची?

अनेक वर्षे उत्तम रिपोर्ट असलेल्या काही निवडक रुग्णांची गोळी आता थांबवून पाहतात; मात्र ते रक्ततज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि वारंवार पीसीआर तपासणी करूनच. तरीही त्यांतल्या साधारण निम्म्या जणांना ती पुन्हा सुरू करावी लागते.

इतर बहुतेक कर्करोगांत एक नव्हे, अनेक बटणे बिघडलेली असतात, म्हणून तिथे इतके सोपे यश मिळत नाही. तुमच्या आजाराचे बटण मात्र सापडलेले आहे. गोळी जेवणासोबत, ग्लासभर पाण्याबरोबर, रोज घ्या. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा. डोस बदलता येतो, औषधही बदलता येते. फक्त स्वतःहून थांबवू नका.