डबा उघडणारी माणसं : अमरावती-अकोल्यातल्या कॉम्प्युटरचा इतिहास



संगणकाचा इतिहास म्हटला की व्याख्यानाची वाट ठरलेली असते. बॅबेजपासून सुरुवात, मग आयबीएम, मग बिल गेट्स. भारतात आलं की बंगळूर, हैदराबाद, पुणे. या वाटेवर अमरावती आणि अकोला लागत नाहीत. लागलेच तर एवढ्यापुरते, की इथली पोरं शिकून हिंजवडीला गेली. आज आम्हाला वेगळा प्रश्न विचारायचा आहे. आमच्या घरात, छापखान्यात, कापसाच्या अडत्याकडे जो कॉम्प्युटर आला तो जोडला कोणी, आणि बंद पडल्यावर पुन्हा चालू कोणी केला? हा प्रश्न विचारला की वऱ्हाडाचा स्वतःचा एक इतिहास दिसायला लागतो. तो कारागिरांचा इतिहास आहे. आणि तो आत्ताच सांगायला हवा, कारण त्याचे पुरावे सध्या किलोच्या भावाने भंगारात जात आहेत. त्याकडे शेवटी येऊच.

उघडता येणारं यंत्र

सुरुवात मात्र अमेरिकेतून करावी लागते. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. तो लवकर बाजारात आणायचा होता, म्हणून कंपनीने बरेचसे भाग बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. आतली रचना कशी आहे हेही पुस्तकात छापून टाकलं, म्हणजे इतरांना त्यात बसणारी कार्डं बनवता यावीत. लवकरच कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी हुबेहूब तसाच चालणारा कॉम्प्युटर काढला. पुढे तैवानच्या कारखान्यांतून मदरबोर्ड, कार्डं, कॅबिनेट सुटे मिळू लागले.

आता यात वऱ्हाडाचा काय संबंध? संबंध असा, की जे यंत्र सुट्या भागांत मिळतं ते कुठेही जोडता येतं. त्यासाठी गावात कंपनीचं ऑफिस लागत नाही. पेचकस, मल्टिमीटर आणि डोकं लागतं. आणि या तिन्ही गोष्टी आमच्याकडे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांत आधीपासून होत्या.

चपला बाहेर काढा

१९८३ हे साल आमच्या भागासाठी महत्त्वाचं. १ मे १९८३ला अमरावती विद्यापीठ नागपूरपासून वेगळं झालं. त्याच वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि बडनेरा, शेगाव इथे महाविद्यालयं उभी राहिली. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९८४मध्ये, राजीव गांधींच्या सरकारने नवं संगणक धोरण आणलं. छोटे कॉम्प्युटर बनवायला खाजगी कंपन्यांना मोकळीक मिळाली आणि आयातीचे नियम सैल झाले.

त्या काळातली कॉम्प्युटर लॅब ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवत असेल: दाराशी चपलांची रांग, खिडक्यांना जाड पडदे, आणि अख्ख्या कॉलेजात एअर कंडिशनर असलेली ती एकच खोली. चपला बाहेर काढण्याला कारण होतं. फ्लॉपी डिस्कला धूळ खरोखरच सोसत नसे. पण त्यामुळे झालं काय, की लॅब देवघरासारखी झाली. हात लावायचा तर सरांना विचारून, आणि डबा उघडणं म्हणजे तर पापच. हे सोवळं मोडलं ते दुरुस्ती करणाऱ्या पोरांनी.

कोटेशनचा कागद

१९९१नंतर आयात सोपी होत गेली. १९९७मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि कॉम्प्युटरच्या भागांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने २००५पर्यंत शून्यावर यायचं ठरलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये सुट्या मालाचे ढीग लागले. इथे आमच्या भूगोलाने साथ दिली. मुंबई-हावडा लोहमार्ग अकोला आणि बडनेऱ्यावरूनच जातो. संध्याकाळी मुंबईत गाडीत बसलेला माणूस सकाळी मदरबोर्डची पिशवी घेऊन अकोल्याच्या फलाटावर उतरू शकत होता.

मग सुरू झालं असेंबल्डचं युग. गिऱ्हाईक दुकानात यायचं आणि आधी एक कागद मागायचं: कोटेशन. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस, एकाखाली एक, समोर रक्कम. तो कागद घेऊन आणखी तीन दुकानं फिरायची, मित्राच्या इंजिनिअर भावाला दाखवायचा, मग ठरायचं. ब्रँडेड संच महाग असायचा, पण फरक नुसता पैशाचा नव्हता. ब्रँडेड बिघडला की तक्रार नागपूरला लिहायची आणि इंजिनिअरची वाट पाहायची. असेंबल्ड बिघडला की जोडणारा स्वतःच संध्याकाळी लूनावर घरी यायचा. रॅमवर त्याच्या सहीचं आणि तारखेचं चिकटपत्र लावलेलं असे. तीच वॉरंटी.

हे जोडणारे होते कोण? काही पॉलिटेक्निकचे, काही आयटीआय झालेले, काही इंजिनिअरिंग शिकता शिकता पैसे कमावणारे, आणि बरेचसे रेडिओ-टीव्हीवाले. ही वाट अमरावती-अकोल्यापुरती नव्हती. पुण्याच्या क्विक हीलची गोष्ट सर्वांना माहीत आहे: कैलाश काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, तिथून कॉम्प्युटर दुरुस्तीकडे आले, आणि धाकटे भाऊ संजय यांनी लिहिलेल्या अँटिव्हायरसमधून मोठी कंपनी उभी राहिली. प्रत्येक दुरुस्तीवाल्याची कंपनी होत नसते, हे उघड आहे. पण कारागिरीची जात तीच.

ऊन, माती आणि करंट

आता आमच्या हवामानाकडे येऊ, कारण वऱ्हाडातली दुरुस्ती मुंबईपेक्षा वेगळी झाली ती याच्यामुळे.

पहिली गोष्ट ऊन. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या पुढे जातो. कॉम्प्युटर थंड राहतो तो खोलीतली हवा आत ओढून. खोलीच तापलेली असेल तर पंखा बिचारा करणार काय? दुपारी एक ते चार मशीन आपोआप बंद पडायचं आणि रात्री नीट चालायचं. लोक म्हणायचे, "भाऊ, रात्री तं बरा चालते, दुपारीच काय होते याले?" उपाय म्हणून घरोघरी कूलरसमोर कॉम्प्युटर ठेवला जाई. त्याने गारवा यायचा, पण दमट हवाही यायची. दमट हवा आणि धूळ मिळून रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसायचा. त्यावरचा इलाज प्रत्येक मेकॅनिकच्या खिशात होता: खोडरबर. रॅम काढायची, हलक्या हाताने घासायची, परत बसवायची. निम्म्या तक्रारी तिथेच मिटत.

दुसरी गोष्ट माती. आमची काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती सळईपासून सुटते आणि अर्थिंग निकामी होतं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे एसएमपीएसमध्ये, असे छोटे कपॅसिटर असतात जे विजेतला गोंगाट अर्थिंगकडे सोडतात. अर्थिंगच नसेल तर तो दाब कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो. म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात "डब्ब्याले करंट मारते" ही हमखास तक्रार. जाणता मेकॅनिक आधी मीटरची दोन टोकं न्यूट्रल आणि अर्थवर लावून बघायचा, आणि मग घरमालकाला सांगायचा, "काका, खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाका." दुरुस्ती घराबाहेर अंगणात व्हायची.

तिसरी गोष्ट भारनियमन. २००५ ते २०१०च्या सुमारास मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्राने काय सोसलं ते सांगायला नको. यूपीएस बनवलेला असतो पाच-दहा मिनिटांसाठी, म्हणजे काम साठवून मशीन बंद करता यावं यासाठी. दिवसातून कैक तास वीज जात असेल तर त्याची बॅटरी धड भरतच नाही, आणि अर्धवट भरलेली लेड-ॲसिड बॅटरी लवकर मरते. लोकांनी घरी इन्व्हर्टर घेतले. स्वस्त इन्व्हर्टरची वीज मात्र चौकोनी लाटेची. कित्येक यूपीएस ती वीज मानायचेच नाहीत आणि इन्व्हर्टर चालू असतानाही स्वतःच्या बॅटरीवर जायचे. हे कोड्यासारखं वाटणारं दुखणं मेकॅनिकनेच घरोघरी समजावून सांगितलं.

२६ एप्रिल आणि फुगलेले कंडेन्सर

दोन मोठ्या साथी याच लोकांनी निभावल्या. पहिली २६ एप्रिल १९९९ची. सीआयएच नावाचा व्हायरस त्या दिवशी जगभर जागा झाला. चेर्नोबिल अपघाताचीही तारीख २६ एप्रिल, म्हणून त्याला चेर्नोबिल व्हायरस म्हणतात. तो हार्ड डिस्कची माहिती तर पुसायचाच, शिवाय काही मदरबोर्डांच्या बायोस चिपवरचा मजकूरही खराब करायचा. बायोस गेला की मशीन सुरूच होत नाही. नवा बोर्ड घेणं परवडणारं नव्हतं. मग एक धाडसी उपाय रूढ झाला. तसाच चांगला बोर्ड सुरू करायचा, चालू स्थितीत त्याची बायोस चिप अलगद उपटायची, मेलेली चिप त्या जागी बसवायची आणि तिच्यावर मजकूर पुन्हा लिहायचा. हात चुकला तर दोन्ही बोर्ड गेले.

दुसरी साथ त्यानंतरच्या दशकाची. सदोष द्रावण भरलेले कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर बसले आणि दोन-तीन वर्षांत फुगून फुटू लागले. या कपॅसिटरचा साधा ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं तर आयुष्य निम्मं होतं. आमच्या उन्हाळ्यात त्यांचं काय होणार ते सांगायला नको. इथे जुने रेडिओवाले पुढे आले. ते कपॅसिटरला कंडेन्सरच म्हणत. फुगलेला कंडेन्सर काढून १०५ अंशांचा नवा टाकणं हा त्यांच्या हातचा मळ होता. कारखान्याने "बोर्ड बदला" म्हणून सोडून दिलेलं यंत्र थोड्याशा खर्चात पुन्हा चालू झालं.

मराठी अक्षरांचं काय?

या इतिहासाला एक दुखरी बाजू आहे. अमरावती-अकोल्यात कॉम्प्युटरचा मोठा वापर छापखान्यांत झाला. खिळे जुळवणारी माणसं डीटीपीकडे वळली. लग्नपत्रिका, साप्ताहिकं, स्मरणिका, दिवाळी अंक, विद्यापीठाचे प्रबंध. मराठीसाठी आधी सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं, जे कॅबिनेटमध्ये बसवावं लागे. मग श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतीदेव असे फॉन्ट आले. १९९१मध्ये इस्की हे भारतीय मानकही ठरलं, पण फॉन्ट बनवणाऱ्यांची अंतर्गत रचना आपापलीच राहिली. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की निव्वळ कचरा दिसायचा.

म्हणून वऱ्हाडातल्या मेकॅनिकला एक जास्तीचं काम असायचं. विंडोज बिघडली की फॉरमॅट मारायचा, पण त्याआधी फॉन्टचं फोल्डर वाचवायचं. ज्याने ते वाचवलं त्याने त्या प्रेसचं दहा वर्षांचं काम वाचवलं. जिथे वाचवलं नाही तिथे फाइल आहे, मजकूर आहे, वाचता मात्र येत नाही. विंडोज २००० आणि एक्सपीपासून युनिकोड देवनागरी आली, तरी जुनं काम जुन्याच रूपात पडून राहिलं.

डबा बंद झाला

२००१मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं, एमएस-सीआयटी आला, आणि सरकारी नोकरीसाठी संगणक-साक्षरतेची अट आली. तालुक्या-तालुक्यात केंद्रं निघाली: दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट. प्रत्येक केंद्राला दहा-वीस मशीन लागत, आणि त्यांची देखभाल करायला जवळचाच माणूस लागे. दुरुस्तीच्या धंद्याचे ते सर्वांत भरभराटीचे दिवस.

मग लॅपटॉप आले, पाठोपाठ स्मार्टफोन. त्यांचे बरेच भाग बोर्डावरच कायमचे जोडलेले. रॅम काढून घासायची सोय राहिली नाही. दुकानं पूर्ण बंद झाली नाहीत. कोणी सीसीटीव्हीकडे वळलं, कोणी प्रिंटरच्या टोनरकडे, कोणी मोबाइलकडे. पण गिऱ्हाइकासमोर डबा उघडून "हे बघा, हा बिघडला" असं दाखवण्याचा व्यवहार संपत आला. ते दाखवणं आमच्या मते फार मोलाचं होतं. बऱ्याच लोकांनी कॉम्प्युटरच्या आत काय असतं ते शाळेत पाहिलंच नाही, मेकॅनिकच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

काय जपायचं

आता सुरुवातीला म्हटलेल्या भंगाराकडे येतो. ई-कचऱ्याचे नियम मे २०१२पासून लागू झाले आणि जुनी मशीन नीट विल्हेवाटीला जावीत हे योग्यच आहे. पण मशीनबरोबर तीन गोष्टी जाऊ देऊ नका.

एक, कागद. कोटेशनं, बिलं, दुरुस्तीच्या दुकानातली रोजची वही. कोणत्या साली कोणत्या गावात कोणतं मशीन होतं, काय बिघडायचं, काय घेतलं, हे सांगणारं दुसरं साधन नाही. दोन, हार्ड डिस्क आणि फ्लॉपी. जुन्या आयडीई डिस्कला यूएसबी जोडणी स्वस्तात मिळते. डिस्क फेकण्याआधी एकदा लावून पाहा, आणि मजकुराबरोबर फॉन्टही उतरवून ठेवा. तीन, माणसं. ज्यांनी नव्वदच्या दशकात पहिला संच जोडला ते आज साठीच्या आसपास आहेत. त्यांच्याकडे जा, मोबाइलवर तासभर बोलणं रेकॉर्ड करा. पहिलं मशीन कोणाचं, माल कुठून आणला, काम शिकवलं कोणी, एवढे तीन प्रश्न पुरेत.

तुमच्या घरी माळ्यावर जुना डबा असेल, तर विकण्याआधी मागचे दोन स्क्रू काढून आत बघा. रॅमवर कोणाची तरी सही आणि तारीख सापडायची शक्यता आहे. तिचा फोटो काढून ठेवा, आणि त्या माणसाचा पत्ता लागतो का ते पाहा.

आम्ही इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.