जलतरणपटूचा खांदा : एका व्यथेचा इतिहास

कारंजा (घाडगे) हे नागपूर–अमरावती मार्गावरील, वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. विदर्भातील अशा गावांत मुले पोहावयास शिकत ती विहिरीत किंवा नदीच्या डोहात, सुका भोपळा अथवा रिकामा डबा कमरेस बांधून. हे पोहणे बहुधा उन्हाळ्यापुरते असे. अंतर कोणी मोजीत नसे. बुडू नये हा त्याचा हेतु होता, वेग हा नव्हे. तलावाची लांबी व घड्याळाचा काटा यांनी बांधलेले पोहणे ही निराळी गोष्ट होय, आणि खांदेदुखीचा इतिहास मुख्यतः या दुसऱ्या पोहण्याचा आहे.

१८७५ साली कॅप्टन वेब याने इंग्लिश खाडी पार केली ती छातीवरच्या पोहण्याने. त्यात हात पाण्याखालीच राहतात. तत्पूर्वी १८७३ च्या सुमारास ट्रजन याने पाण्यावरून हात पुढे फेकण्याची पद्धत इंग्लंडमध्ये रूढ केली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील कॅव्हिल बंधूंमुळे आजची ‘क्रॉल’ पद्धत पुढे आली. वेग वाढला, परंतु शरीर पुढे नेण्याचा मुख्य भार आता खांद्यावर पडला. पंचवीस मीटरांस प्रत्येक हाताचे आठ ते दहा फेरे धरले, तर दहा हजार मीटरांच्या सरावात एकेक खांदा तीन-चार हजार वेळा फिरतो.

या व्यथेस वैद्यकीय नाव मिळाले ते १९७४ मध्ये. केनेडी व हॉकिन्स यांनी ‘जलतरणपटूचा खांदा’ ही संज्ञा रूढ केली. त्यांनी पाहिलेल्या सुमारे अडीच हजार कॅनेडियन जलतरणपटूंपैकी तीन टक्क्यांनीच तक्रार केली होती. त्यांच्या विवेचनामागे नीअर यांचा १९७२ चा सिद्धांत होता : हात उचलताना स्कंधसंधीचे स्नायुबंध वरच्या हाडाच्या कमानीखाली चेमटतात. वाकलेल्या खांद्याने ही जागा अरुंद होते, असे अनुमान मग सहजच निघाले, आणि दोष मुलाच्या ठेवणीकडे गेला.

हे अनुमान महाराष्ट्रात परके वाटण्याजोगे नव्हते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले. बडोद्याहून मुजुमदारांचा व्यायामज्ञानकोश दहा खंडांत निघाला. त्या काळच्या व्यायामविचारात ताठ बांधा हे आरोग्याप्रमाणेच चारित्र्याचेही लक्षण मानले जाई. वाकलेला खांदा म्हणजे आळस, अशी समजूत अशा वातावरणात सहज रुजते.

पुढील संशोधनाने मात्र कार्यकारणभाव उलटाही असू शकतो हे दाखविले. क्रॉलमध्ये छातीचे व पाठीचे रुंद स्नायू बळावतात. ते दंडास आत वळवितात व खांदा पुढे ओढतात. म्हणजे ही ठेवण सरावाचे फळही असू शकते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासात, विविध खेळांतील ज्या वेदनारहित खेळाडूंच्या खांद्याच्या पात्याची हालचाल सदोष होती, त्यांपैकी सुमारे ३५ टक्क्यांस पुढे वेदना झाल्या. हालचाल निर्दोष असलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होते. फरक आहे, परंतु त्यावरून एखाद्या मुलाचे भविष्य वर्तविता येत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत हाडाची कमान तासण्याची शस्त्रक्रिया नाममात्र शस्त्रक्रियेहून लक्षणीय सरस ठरली नाही. चेमटण्याच्या सिद्धांताचा आधारही त्यामुळे डळमळला.

सराव किती, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरला. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातील १३ ते २५ वर्षांच्या ८० निवडक जलतरणपटूंपैकी ९१ टक्क्यांनी खांदेदुखी सांगितली, आणि स्नायुबंधाच्या विकाराचा संबंध आठवड्याचे तास व अंतर यांच्याशी आढळला. तीन टक्के व ९१ टक्के हे आकडे सरळ तोलता येत नाहीत. दोहोंत ‘वेदना’ या शब्दाची व्याप्ति व निवडलेला वर्ग भिन्न आहे. पण जो विचारील त्यालाच उत्तर मिळते, एवढे त्यांवरून निश्चित दिसते.

गावच्या विहिरीतून जिल्ह्याच्या तलावावर येणाऱ्या मुलाच्या बाबतीत याचे महत्त्व मोठे आहे. काही आठवड्यांत त्याचे अंतर अनेक पटींनी वाढते. त्याचा खांदा दुखू लागल्यास ‘ताठ उभा राहा’ असे सांगणे सोपे असते. त्याने किती अंतर कापले याची नोंद ठेवणे कष्टाचे असते. इतिहासाची साक्ष या दुसऱ्या कामाच्या बाजूने आहे.